बेळगावच्या पावसात गुलाब टिकवायचा म्हणजे

ताई, तुमचा प्रश्न वाचला. आधी एक सांगते, तुमच्या हाताला काही झालेलं नाही. तुम्ही लिहिलंय की माहेरी चिकोडीला आईच्या दारात गुलाब आहे, त्याला कोणी कधी काही घालत नाही तरी फुलं चालूच असतात, आणि लग्न होऊन इकडे टिळकवाडीत आल्यावर जूनमध्ये गाडीवाल्याकडून चार रोपं घेतली, चांगली मोठमोठी फुलं असलेली, तर गणपतीपर्यंत तिघांच्या नुसत्या काड्या झाल्या. त्यात सासूबाई म्हणतात काटेरी झाड घरात नको आणि घरात तीन वर्षांचं पोर, तर परत आणावेत की नाद सोडावा. आणा की, नक्की आणा. फक्त जूनमध्ये आणू नका आणि तसले आणू नका.

मी घरीच गुलाबाचे डोळे भरते, म्हणजे जंगली गुलाबाच्या काडीवर चांगल्या गुलाबाचा कोंब बसवून कलम करते, रोपं करते, लोकांना देते, त्यामुळे हे दरवर्षी ऐकायला मिळतं, जूनमध्ये आणलं आणि ऑगस्टमध्ये गेलं. कारण साधं आहे. बेळगावात गुलाबाचं वर्ष दसऱ्यानंतर सुरू होतं आणि वळवाच्या पावसापर्यंत चालतं, मधले चार महिने त्याला फक्त जगवायचं असतं. आपण नेमकं उलटं करतो, पहिला पाऊस पडला, मातीचा वास आला की रोपं घ्यायला पळतो. जास्वंद, मोगरा, कर्दळ यांना ते चालतं, गुलाबाला नाही.

आता आईचा गुलाब आणि तुमचे गुलाब यांच्यातला फरक बघा. तो दारातला बहुतेक गावठी सुवासिक गुलाब असणार, फिक्का गुलाबी, पाकळ्या सैल, दुपारपर्यंत गळणारा. तो काडीवर लावलेला असतो, म्हणजे मुळं त्याचीच आणि फांद्याही त्याच्याच, एखादी फांदी मेली तर खालून परत तोच येतो. तुम्ही आणलेले कलमी, खाली जंगली गुलाबाचा खुंट आणि वर हायब्रीडचा डोळा भरलेला. वरचा भाग मेला की खेळ संपला. दुसरं म्हणजे पाऊस. चिकोडी काय लांब आहे, गाडीनं दीड-दोन तास, पण पाऊस बघा, बेळगावला तिकडच्यापेक्षा कितीतरी जास्त, खानापूर-जांबोटी-कणकुंबीकडे तर विचारूच नका, आणि उलट अथणी-कागवाडकडे आभाळ नुसतं येऊन जातं. एकच जिल्हा पण गुलाबाला दोन वेगळे मुलूख. म्हणून पुस्तकात नाहीतर व्हिडिओत सांगितलेलं जसंच्या तसं करायचं नाही, आपण कुठल्या बाजूला राहतो ते आधी बघायचं.

पावसात नक्की होतं काय, तर काळे ठिपके. ही बुरशी आहे, डिप्लोकार्पन तिचं नाव, आणि पान साधारण सात तास सलग ओलं राहिलं की तिचं बी पानात रुजतं. जुलैत आपल्याकडे पान सात तास काय, आठवडा-आठवडा सुकत नाही. काळा गोल डाग येतो, त्याची कड सरळ नसते, झालरीसारखी फाटलेली दिसते, मग डागाच्या भोवती पान पिवळं पडतं आणि गळतं, सुरुवात कायम खालच्या पानांपासून. झाड पानं परत काढतं, ती परत गळतात, असं दोन-तीनदा झालं की काडीतला साठा संपतो. मग शेंड्याकडून काडी तपकिरी होत खाली यायला लागते, ती फांदीमर. लोकांना वाटतं झाड एका दिवसात गेलं, पण ते महिनाभर चाललेलं असतं.

यात रंगाचाही संबंध आहे, हे फार लोकांना माहीत नसतं. तुमच्या चारात पिवळा होता का? असेल तर पहिला तोच गेला असणार. आजच्या पिवळ्या-केशरी गुलाबांना तो गडद पिवळा रंग पर्शियाकडच्या एका पिवळ्या जंगली गुलाबातून आलाय, गुलाबाच्या नव्या जाती काढणाऱ्या फ्रान्सच्या पेर्ने-ड्यूशे यांनी 1900 साली 'सोले दोर' नावाची जात आणली आणि तिथून पुढे तो रंग सगळीकडे पसरला. त्या रंगाबरोबर काळ्या ठिपक्यांना बळी पडायचा गुणही आला. जगात नावाजलेला 'पीस', दुसरं महायुद्ध संपताना 1945 साली ज्याला ते नाव मिळालं, पिवळ्यावर गुलाबी कडा असलेला, दिसायला त्याला तोड नाही, पण आपल्या पावसात तोही लवकर पानं टाकतो. तुम्ही गोकाक-अथणीकडे असता तर मी बिनधास्त घ्या म्हटलं असतं. टिळकवाडीत पहिल्या वर्षी पिवळ्याचा नाद नको.

दुसरं कारण पिशवीतली माती. गाडीवर येणारी बरीच रोपं लांबून आलेली असतात, आणि मुळाभोवती चिकट मातीचा घट्ट गोळा असतो, प्रवासात सुकू नये म्हणून. आपण पिशवी फाडून तो गोळा तसाच कुंडीत ठेवतो आणि भोवती छान भुसभुशीत माती भरतो. मग पाणी घातलं की ते बाजूनं निघून जातं नाहीतर गोळ्यात शिरलं तर बाहेर येत नाही. मेलेलं झाड उपटून बघा, अजून टाकलं नसेल तर. गोळा तसाच निघेल आणि आतली मुळं काळी, बोटानं दाबली की साल सुटून येणारी.

आणि चौथं जे वाचलंय म्हणता, नवे लांब लांब फुटवे आलेत पण फूल नाही, तर त्याच्याकडे नीट बघा. जमिनीच्या जवळ काडीवर एक गाठ दिसेल, तो सांधा. फुटवा गाठीच्या वरून निघालाय की खालून? खालून असेल तर तो खुंटाचा जंगली फुटवा, तुमचा गुलाब नाही. लोक सांगतात एका देठावर पाच बारीक पानं म्हणजे चांगला आणि सात म्हणजे जंगली, पण तो नियम पक्का नाही, चांगल्या गुलाबांनाही जोमात असताना सात पानं येतात. सांधा बघणं हेच खरं. जंगली फुटवा कात्रीनं कापू नका, कापला की तिथूनच दोन येतात, माती बाजूला करून मुळाशी जिथून निघालाय तिथून खाली ओढून उपटायचा. वरची काडी जिवंत आहे का बघायचं तर नखानं साल जराशी खरवडा, आत हिरवं ओलं दिसलं तर आशा आहे.

नवीन रोपं दसऱ्यानंतर घ्या, नर्सरीत जाऊन, स्वतः बघून. फूल बघून घेऊ नका, हे सांगून सांगून मी थकले पण सगळे फूलच बघतात. सांध्याच्या वरून निदान दोन जाड हिरव्या काड्या पाहिजेत, सांधा घट्ट जुळलेला पाहिजे, काडीवर काळे-जांभळे चट्टे नकोत, खालची पानं शिल्लक पाहिजेत. फुलानं लगडलेलं लहान रोप म्हणजे बहुतेकदा भरपूर खत मारून विकायला तयार केलेलं असतं, घरी आल्यावर ते दमतं. जाती म्हणाल तर सुरुवातीला ग्लॅडिएटर घ्या, गडद गुलाबी, वास बेताचा पण झाड काटक आणि आपल्या भागात सगळीकडे मिळतो. एक आइसबर्ग घ्या, पांढरा, घोसात फुलतो, जर्मनीच्या कॉर्डेस नर्सरीनं 1958 ला आणलेला, अजून त्याच्या इतका न कंटाळता फुलणारा पांढरा मला दुसरा सापडलेला नाही. क्वीन एलिझाबेथ उंच वाढतो, त्याला जागा लागते, काटे त्या मानाने कमी, म्हणून लहान पोर असलेल्या घरी मी तो आवर्जून देते. हारवाल्यांकडचा मिराबल आणि बटण गुलाब हे तर न मरणारे. आणि गावठी पैसे देऊन घेऊ नका, आईकडून काडी आणा. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, तीन-चार डोळे असलेली, फूल नुकतंच गळून गेलेल्या फांदीची काडी, खालचा काप तिरका डोळ्याच्या लगेच खाली, वरची एक-दोन पानं ठेवून बाकी काढायची. कलमी गुलाब जून-जुलैत लावू नये म्हणते ती मीच, पण गावठीची काडी मात्र पावसाळ्यातच सगळ्यात चांगली धरते, सावलीत, वाळू-मातीत, तेव्हा ती पुढच्या श्रावणात. धरली का बघायला म्हणून उपटून मात्र बघायची नाही.

चिकट गोळ्याचं रोपच मिळालं तर घाई नको. दहा-बारा दिवस सौम्य उन्हात तसंच ठेवा, मग संध्याकाळी बादलीभर पाण्यात गोळा बुडवून ठेवा, माती आपोआप सैल होते, बोटानं हलकेच निम्मी माती काढा आणि लगेच लावा. सगळी धुवायची गरज नाही. हे थंडीतच करायचं, उन्हाळ्यात केलं तर रोप जातं.

कुंडी बारा इंचापेक्षा लहान नको. मातीचं माप मी असं धरते, दोन भाग तांबडी माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत नाहीतर गांडूळखत, एक भाग जाड वाळू किंवा वीटभट्टीचा चुरा, आणि कुंडीला दोन मुठी निंबोळी पेंड. खानापूर बाजूची तांबडी माती मस्त असते. शेतातली काळी माती गच्चीवरच्या कुंडीत नको, पावसात चिखल होते आणि उन्हात फुटते. कोकोपीट पाऊस जास्त तिथे अगदी कमी, नाहीच घातलं तरी चालेल. चिकोडी-रायबागकडे साखर कारखान्याची मळी खत म्हणून मिळते, चांगली असते, पण पूर्ण कुजून थंड झालेलीच, गरम मळीनं मुळं भाजतात. सांधा मातीच्या वर राहू दे, दोन बोटं. ऊन निदान पाच-सहा तास, सकाळचं असलं तर सोन्याहून पिवळं. गुलाब अंगणात नाही जमला तरी चालेल पण सावलीत लावू नका, सावलीतला गुलाब आयुष्यभर आजारी.

पाणी रोजच्या रोज सवयीनं घालायचं नाही. बोट मातीत दोन पेरं घालायचं, ओलं लागलं तर राहू दे. थंडीत एक दिवसाआड, उन्हाळ्यात रोज, आणि सकाळी, बुंध्याशी, पानांवर नाही. विहिरीचं किंवा नळाचं पाणी चांगलं. बोअरचं जड पाणी असेल आणि कुंडीच्या काठाला पांढरा थर येत असेल तर कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असं दिसायला लागतं, ती लोहाची कमतरता, खत कमी पडलं म्हणून नाही. त्याला चिलेटेड लोह मिळतं ते पाकिटावरच्या मापानं द्या आणि पावसाचं पाणी साठवून अधूनमधून घाला.

आता छाटणी, हा माझा आवडीचा विषय. एक हिशोब सांगते जो मी कॅलेंडर बघूनच करते. हायब्रीड गुलाब छाटल्यापासून फूल यायला साधारण पंचेचाळीस ते पन्नास दिवस लागतात. वसुबारसेपासून दत्तजयंतीपर्यंत सत्तेचाळीसच्या आसपास दिवस होतात. म्हणजे वसुबारसेला छाटणी केली की मार्गशीर्ष पौर्णिमेला, नृसिंहवाडीला जायचं असो की घरच्या देवाला वाहायचं असो, आपल्या कुंडीतलं फूल हातात असतं. रात्री फार गार पडल्या तर पाच-सात दिवस पुढे जातं, म्हणून मी काही झाडं दसरा-कोजागिरीनंतर लगेच, काही वसुबारसेला अशी दोन टप्प्यांत छाटते. परतीचा पाऊस चालू असेल तर मात्र थांबा, ओल्यात केलेला काप लगेच बुरशी धरतो. या वर्षी आणलेल्या नव्या रोपांना छाटणी नाही, नुसतं सुकलेलं काढा. जुन्या झाडाला निम्म्यावर आणायचं.

काप कसा घ्यायचा ते नीट सांगते. काडीवर पान जिथे होतं तिथे बारीक उंचवटा असतो, तो डोळा. कुंडीच्या बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा निवडायचा, म्हणजे फांदी बाहेर वाढते आणि मध्ये वारा खेळतो. त्या डोळ्याच्या वर जेमतेम बोटाच्या अर्ध्या रुंदीएवढं अंतर ठेवून तिरका काप, उतार डोळ्याच्या उलट बाजूला, म्हणजे पाणी डोळ्यावर ओघळत नाही. फार वर कापलं तर ते थुटूक सुकतं आणि त्यातून मर खाली उतरते, फार जवळ कापलं तर डोळाच जातो. कापलेल्या तोंडाकडे बघा, आतला गाभा पांढरट-हिरवा पाहिजे, तपकिरी दिसला तर अजून एक डोळा खाली या, पांढरा लागेपर्यंत. कात्री धारदार आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना स्पिरिटनं पुसलेली. कापलेल्या तोंडाला बोर्डो पेस्ट लावा, म्हणजे मोरचूद आणि चुना, एकास एक, एक किलोला दहा लिटर पाणी हे शेतातलं माप, घरी दहा-दहा ग्रॅम आणि शंभर मिली पाणी पुरे. मोरचूद प्लास्टिकच्या भांड्यात भिजवा, लोखंडी-पत्र्याच्या नको, आणि ते भांडं परत स्वयंपाकघरात जाता कामा नये.

छाटल्यावर आठवड्यानं शेणखत, निंबोळी पेंड वरून घाला. पुढे पंधरा दिवसांनी शेंगपेंडीचं पाणी, आपल्याकडे घाण्यावर शेंगपेंड सहज मिळते, मूठभर पेंड दोन लिटर पाण्यात चार-पाच दिवस भिजवायची, मग दहापट पाणी घालून पातळ चहासारखं करून द्यायची. वास येतो, आधीच सांगते, शेजाऱ्यांना कल्पना द्या.

मग बघा गंमत. डिसेंबरात एखाद्या सकाळी सांध्यापासून जाड, लालबुंद, रसरशीत असा एक फुटवा वर आलेला दिसतो, बोटाएवढा जाड, काटे अजून मऊ, पानं तांब्याच्या रंगाची. सांध्याच्या वरूनच निघालाय एवढं पक्कं बघून घ्या, त्याला तळफुटवा म्हणतात. गुलाब ठेवणाऱ्या माणसाला फुलापेक्षा त्याचा आनंद जास्त होतो, कारण पुढच्या दोन-तीन वर्षांची फुलं त्या एका काडीत आहेत. आणि फूल उमलायचं बघायचं तर बेळगावच्या थंडीत बघावं, मुंबईला तेच रोप नेलं तर हा रंग येत नाही, इथे रात्री गार असल्यामुळे कळी चार-पाच दिवस सावकाश उलगडते, पाकळी जाड राहते आणि गुलाबी रंगाला आत जांभळट झाक येते. सकाळी साडेसात-आठला, दव सुकता सुकता, वास सगळ्यात जास्त असतो, दहानंतर तो उडून जातो. तेव्हा गच्चीवर जाऊन उभं राहायचं, त्यासाठीच हे सगळं करायचं असतं. पोराला पण न्या बरोबर. फूल तोडायचं तर पाच बारीक पानं असलेल्या पहिल्या देठाच्या वर तोडा, म्हणजे खालचा डोळा लगेच फुटतो.

जानेवारी-फेब्रुवारीत डोळा भरायला शिकायचं असेल तर या कधी. जंगली खुंटावर टी आकाराची चीर द्यायची, साल दोन्ही बाजूंनी पुस्तकाचं पान उघडावं तशी उघडते, आतली ओली पांढरी काडी दिसते, त्यात डोळा सरकवायचा आणि प्लास्टिकच्या पट्टीनं बांधायचं, डोळा तेवढा उघडा ठेवून. तीन आठवड्यांनी डोळा हिरवा राहिला तर धरला. हाताला हे काम लागलं की सुटत नाही.

थंडीत एक त्रास असतो, भुरी, कोवळ्या पानांवर पांढरी भुकटी आणि पानं मुरडतात. तिला पान ओलं असायची गरज नसते, दिवसा कोरडं आणि रात्री गार-दमट असलं की येते. पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, संध्याकाळी. गंधक आणि निंबोळी तेल यांच्यात निदान पंधरा दिवसांचं अंतर ठेवा आणि मार्चनंतरच्या कडक उन्हात गंधक मारूच नका, पानं भाजतात. उन्हाळ्यात लाल कोळी. पान वरून निस्तेज, बारीक बारीक फिक्के ठिपके, मागच्या बाजूला बघितलं तर बारीक जाळं आणि हलणारे कण. हा कीटक नाही, कोळ्याच्या जातीचा आहे, म्हणून माव्याचं औषध त्याला लागू पडत नाही, उलट इमिडाक्लोप्रिड मारल्यावर तो वाढतो, कारण त्याला खाणारे मित्रकीटक मरतात. साधा उपाय, सकाळी पाइपनं पानांच्या मागच्या बाजूला जोरात पाणी, तीन-तीन दिवसांनी. पानांवर पाणी नको म्हटलं ते इथे लागू नाही, उन्हाळ्यात पान तासाभरात सुकतं. कळ्या उमलत नाहीत, पाकळ्यांच्या कडा जळल्यासारख्या, ते फुलकिडे, अशा कळ्या तोडून पिशवीत बांधून टाका. मावा तर बोटानं पुसला तरी जातो.

आता धोक्याचं, आणि हे मी मनापासून सांगते. घरात लहान पोर आहे म्हणून तुम्ही काट्याला घाबरता, पण घरात गुलाब असण्यातला खरा धोका काटा नाही, औषधाची बाटली आहे. गुलाब म्हटलं की खत-औषधाच्या दुकानात कोणीही काहीही हातात देतो. फोरेट या कीटकनाशकाचे दाणे कुंडीत टाका असं सांगणारे अजून भेटतात, त्याच्या विक्रीवर आणि वापरावर देशात 31 डिसेंबर 2020 पासून बंदी आहे, आणि ते इतकं जहाल आहे की ती माती पोरानं चाटली तर काय होईल याचा विचारही करवत नाही. बाटलीवर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो तो बघायचा, लाल म्हणजे सगळ्यात विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. लाल आणि पिवळा घराच्या उंबऱ्याच्या आत येता कामा नये, गुलाब मेला तरी चालेल. शीतपेयाच्या बाटलीत सुटं औषध ओतून आणू नका, असे अपघात होतात, पोरं सरबत समजून पितात. बहुतेक वेळा निंबोळी तेल पुरतं, 1500 पीपीएमचं, लिटरला पाच मिली आणि साबणाच्या पाण्याचे चार थेंब, संध्याकाळी मधमाश्या गेल्यावर.

निपाणी बाजूच्या लोकांचा एक ठरलेला उपाय असतो, तंबाखूचा काढा. तंबाखू घरचीच, देठ-भुकटी फुकट, उकळून मारायचं. मावा मरतो, खरं आहे. पण त्यात निकोटिन असतं, ते कातडीतून अंगात जातं, हात भिजवून फवारणी केली की मळमळ, गरगर, घाम येतो, तंबाखूच्या ओल्या पानांत काम करणाऱ्यांना विचारा. मधमाश्याही मरतात. नैसर्गिक आहे म्हणून निर्धास्त राहू नका, पोर असलेल्या घरी तो काढा नकोच. तसंच एरंडीची पेंड. खत म्हणून स्वस्त आणि चांगली, पण तिच्यात रायसिन नावाचं विष राहिलेलं असू शकतं आणि कुत्रं ती आवडीनं खातं आणि मरतं. घरात कुत्रं-मांजर असेल किंवा पोर माती तोंडात घालत असेल तर निंबोळी पेंडच वापरा. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका, डेंग्यूचा डास तिथेच अंडी घालतो. आणि कुंडी कठड्यावर ठेवू नका, बारा इंची ओली कुंडी वीस किलोपर्यंत भरते, वळवाच्या वाऱ्यात खाली कोणाच्या डोक्यात पडली तर काय. विटांवर, जमिनीवर, भिंतीकडेला.

काट्याचं एवढंच. पोराच्या डोळ्याच्या उंचीला येणारी आडवी फांदी ठेवायची नाही, जाण्या-येण्याच्या वाटेत कुंडी नको. सासूबाई काटेरी झाड नको म्हणतात त्यात मला चूक दिसत नाही, उंबऱ्याशी काटे असले की लुगडं अडकतं, हात ओरबाडतो, म्हणून दारात नको हे बरोबरच आहे. त्यांना गच्चीच्या कोपऱ्यातली जागा दाखवा आणि पहिलं फूल त्यांच्या हातानं देवाला जाऊ दे. छाटणीला चामड्याचे हातमोजे घाला, बागेचे कापडी नकोत, उद्यमबागेतल्या फाउंड्रींना माल देणाऱ्या दुकानांत वेल्डिंगचे लांब हातमोजे मिळतात, कोपरापर्यंत येतात, ते सगळ्यात उत्तम. धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांत घेतलेलं असावं. काटा बोटाच्या सांध्याजवळ मोडून आत राहिला आणि सूज उतरत नसेल तर सुईनं उकरत बसू नका, डॉक्टरकडे जा. आणि एक कमी माहीत असलेला आजार, स्पोरोट्रायकोसिस, माती-काट्यावरची बुरशी. काटा लागल्यावर काही आठवड्यांनी तिथे न दुखणारी लालसर गाठ येते, ती फुटते, मग हातावर वरच्या दिशेनं एका ओळीत आणखी गाठी. साध्या अँटिबायोटिकनं जात नाही, बुरशीवरच्या गोळ्या काही महिने घ्याव्या लागतात, बरा होतो. फक्त स्किनच्या डॉक्टरांना मी गुलाबाचं काम करते हे आपण होऊन सांगायचं, नाहीतर त्यांच्या ध्यानात यायला वेळ लागतो.

गुलकंद फक्त आईच्या त्या गावठी गुलाबाचा, आणि त्या झाडावर कुठलंच औषध मारलेलं नसेल तर. बाजारातल्या फुलांचा किंवा ग्लॅडिएटरचा करू नका, एक फवारलेला असतो आणि दुसऱ्याला वास बेताचाच. पाकळ्या आणि खडीसाखर समान वजनानं, काचेच्या बरणीत थरावर थर, उन्हात ठेवून अधूनमधून हलवायचं, मार्च-एप्रिलच्या उन्हात छान होतो.

राहिला पुढचा पावसाळा. मे संपायच्या आत खत बंद, युरिया तर अजिबात नाही, कोवळं लुसलुशीत वाढलं की बुरशीला मेजवानी. खाली गळलेली सगळी पानं उचला, त्यांच्यातच बुरशी राहते, कंपोस्टमध्ये पण टाकू नका. बुंध्याजवळची वीतभर उंचीपर्यंतची पानं काढून टाका म्हणजे मातीचे शिंतोडे उडून लागत नाहीत. कुंड्या विटांवर चढवा, तळाची भोकं तारेनं मोकळी करा, एकमेकांपासून हातभर लांब ठेवा. पारदर्शक पत्र्याची शेड असेल तर कुंड्या तिच्याखाली न्या, वरून पाऊस नको पण उजेड आणि वारा पाहिजे, चारी बाजूंनी प्लास्टिक गुंडाळलं तर आत कोंदट होऊन आणखी वाईट. जूनच्या सुरुवातीला, पहिले ठिपके दिसायच्या आधी, मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लिटरला दोन ग्रॅम, तोंडाला रुमाल, हातात मोजे, पोर घरात, आणि पाऊस उघडला की पंधरा दिवसांनी परत. त्या झाडांची फुलं खायला नकोत हे आलंच. जुलै-ऑगस्टमध्ये फूल नाही आलं तर बिघडत नाही, आलेली कळी मी खुडूनच टाकते, झाडाची ताकद वाचते. काडी हिरवी राहिली एवढं बघायचं. सप्टेंबरअखेर ऊन पडायला लागलं की वरच्या डोळ्यांतून बारीक लाल शेंडे येतात, त्यांना बघून कात्री हातात घ्यावीशी वाटते पण घेऊ नका, पाऊस पूर्ण जाऊ दे, दसरा होऊ दे.